राजपुत्र फार स्वस्त झाले!

नाताळाशी माझं काही भांडण नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी मूळचे गोव्याचे. त्यांच्याकडून दर वर्षी पंचवीस डिसेंबरला नेवऱ्या आणि दोदोल येतो, आणि बशी रिकामी कशी परत करायची म्हणून आमच्याकडून चकल्या जातात. (दिवाळीच्याच. पण त्या अजून कुरकुरीत आहेत, असं आमच्या हिचं म्हणणं.) राजेरजवाड्यांशीही माझं भांडण नाही. त्यांचे तनखे १९७१ साली बंद झाले, तेव्हाच तो हिशेब मिटला. माझं भांडण आहे ते या दोघांची सोयरीक जुळवणाऱ्या मंडळींशी.

कळलं नाही? म्हणजे तुमच्या घरी डिसेंबरातही टीव्हीचा रिमोट तुमच्याच हातात असतो तर! अभिनंदन. आमच्या घरी तो एक तारखेला माझ्या हातून जातो आणि संक्रांतीच्या सुमाराला परत मिळतो. मधल्या काळात आमच्या दिवाणखान्यात अखंड बर्फ पडत असतो. बाहेर ठाण्यात पंखा लावल्याशिवाय झोप येत नाही, आणि आत आमची ही आणि माझी धाकटी मेहुणी अंगावर शाली घेऊन बसतात. का, तर पडद्यावर थंडी फार आहे म्हणून!

आता गोष्ट सांगतो. एक सांगितली की सगळ्या सांगून झाल्या.

एक गरीब बिचारी मुलगी असते. गरीब म्हणजे न्यूयॉर्कला राहते, मासिकात नोकरी करते, आणि तिच्या एका कोटाच्या किमतीत आमच्या सोसायटीची गच्ची पुन्हा एकदा वॉटरप्रूफ करून निघेल. पण ऑफिसात वरच्या बाई तिला बोलतात, म्हणून ती गरीब. तिला आल्डोव्हिया नावाच्या राज्यात तिथल्या उनाड राजपुत्राची बातमी आणायला धाडतात. विमानतळावर एक दाढीवाला इसम तिची टॅक्सी पळवतो. हाच तो राजपुत्र, हे सोफ्यावर बसलेल्या सर्वांना त्याच क्षणी कळतं. ती पत्रकार असल्यामुळे तिला वेळ लागतो. मग ती राजवाड्यात घुसते, तिथे कुणीतरी तिला धाकट्या राजकन्येची शिकवणीची बाई समजतं, आणि ‘अहो, मी ती नव्हे’ असं म्हणण्याऐवजी ती खुशाल मुक्काम ठोकते. पुढे घोडा, घोड्यामागे लांडगा, लांडग्यामागे राजपुत्र, असं सगळं रीतसर येतं. बाई जुन्या कागदांत हात घालते तेव्हा समजतं, की राजपुत्र दत्तक आहे. झालं! चुलतभाऊ गादीवर हक्क सांगतो. आता काय होणार? तर दिवंगत राजाने आपल्या हातांनी केलेलं, ख्रिसमसच्या झाडाला टांगायचं एक शोभेचं ओकचं फळ असतं, त्याच्या पोटात त्याचं आज्ञापत्र निघतं. दत्तक असला तरी गादी ह्याचीच!

इथे मी दर वर्षी उठून पाणी प्यायला जातो. साताऱ्याचं राज्य १८४८ साली दत्तक नामंजूर करून खालसा केलं. झाशीचंही पुढे तेच झालं. राणीने अर्ज केले, वकील दिला, लंडनपर्यंत दाद मागितली. झाडावर काही लटकतंय का, हे पाहायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

असो. शेवटी नव्या वर्षाच्या आदल्या रात्री, राजा झालेला हा गृहस्थ न्यूयॉर्कला तिच्या वडिलांच्या खाणावळीबाहेर बर्फात गुडघा टेकतो, आणि आमच्या सोफ्यावर दोन रुमाल निघतात.

हा ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ नावाचा नेटफ्लिक्सचा चित्रपट २०१७ साली आला. २०१८ साली पुढच्या भागात त्यांचं लग्न झालं, २०१९ साली मूल. (मध्यमवर्गीयांना इतक्या वेळेवर सगळं जमत नाही.) पहिल्या वर्षी खुद्द कंपनीनेच जाहीर करून टाकलं होतं, की त्रेपन्न माणसं गेले अठरा दिवस रोज न चुकता हा चित्रपट पाहताहेत, आणि वर त्यांना विचारलं होतं, की बाबांनो, तुमचं मन कुणी एवढं दुखावलं? त्या त्रेपन्नांतल्या दोघी कोण असाव्यात, याचा मला दाट संशय आहे. मन कुणी दुखावलं असावं, याचाही.

बरं, हे एकच राज्य असतं तर चालवून घेतलं असतं. पण ‘द प्रिन्सेस स्विच’ नावाचा दुसरा चित्रपट २०१८ साली आला. त्यात शिकागोची एक केकवाली, तिच्यासारखीच हुबेहूब दिसणारी एक सरदारीण, आणि राज्याचं नाव बेलग्रेव्हिया. आता बेलग्रेव्हिया हा लंडनमधला एक गर्भश्रीमंत मोहल्ला आहे. उद्या कुणी ‘मलबार हिलचे युवराज’ म्हणून चित्रपट काढावा, त्यातला प्रकार. आणि या बेलग्रेव्हियात त्या केकवालीचा मित्र काय करतो? संध्याकाळी कोचावर बसून ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ बघतो! मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच आपुलकी वाटली. बिचाऱ्याच्या हातातही रिमोट दिसत नव्हता.

नकाशात नसलेली ही राज्यं काही आजची नव्हेत. अँथनी होप नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८९४ साली ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ ही कादंबरी लिहिली आणि त्यात रुरिटानिया नावाचं राज्य वसवलं. गृहस्थ पेशाने बॅरिस्टर, तेव्हा नसलेली मालमत्ता उभी करणं त्याला जड गेलं नसावं. त्या गोष्टीतही एक साधा इंग्रज माणूस आणि एक राजकन्या एकमेकांच्या प्रेमात पडतात. पण शेवट काय? राजकन्या आपल्या कर्तव्याला चिकटून राजाशी लग्न करते, हा आपल्या गावी परततो, आणि वर्षातून एकदा एका गुलाबाची देवघेव होते. बस्स. १९२४ साली अमेरिकेत ‘द स्टुडंट प्रिन्स’ ही संगीतिका गाजली. त्यातला राजपुत्र हायडेलबर्गच्या खानावळीतल्या मुलीला सोडून गादीवर बसायला जातो. १९५३ सालच्या ‘रोमन हॉलिडे’त तर ऑड्री हेपबर्न आपल्या वकिलातीत परतते, आणि ग्रेगरी पेक त्या लांबलचक रिकाम्या दालनातून एकटा चालत बाहेर येतो. तो चालतो तेवढा वेळ चित्रगृहात कुणी खोकत नसे.

म्हणजे गंमत पाहा. जगात जोवर खऱ्या सिंहासनांवर खरे राजे बसत होते, तोवर या गोष्टींचा शेवट ताटातुटीत होत होता. राजे गेले, आणि एकजात सगळ्यांची लग्नं लागू लागली!

यात माझा मूळ मुद्दा आहे. प्रेमकथेत अडचण लागते. सासू लागते, जात लागते, पैसा लागतो, निदान बदलीची ऑर्डर तरी लागते. या नाताळी चित्रपटांतली अडचण कसली, तर तिच्या बॅगेतले कागद कुणीतरी चोरून वाचतं. राजमाता पहिला अर्धा तास नाक मुरडते आणि नंतर विरघळते. मंत्रिमंडळ, संसद, धर्मपीठ, कायदा, कुणाचा म्हणून अडथळा नाही. सामान्य घरातली मुलगी राणी होणार म्हटल्यावर रस्त्यावर एक मोर्चा नाही! आमच्या सोसायटीत लिफ्टची वेळ बदलायची म्हटली तरी तीन सभा होतात.

आणि सामान्य म्हणजे तरी कोण हो? ज्या मुलीला आपण ‘आपल्यातली’ म्हणून डोळे पुसतो, ती एका मिनिटात राजकन्येची मैत्रीण, दोन मिनिटांत घोडेस्वार आणि मेजवानीच्या रात्री तर सगळ्या उमरावांहून देखणी. सामान्य माणसं त्या चित्रपटात नसतात असं नाही. असतात. मागे भिंतीला चिकटून, हातात तबक घेऊन उभी असतात. त्यांना संवाद नसतात. चोवीस तारखेच्या रात्री तीनशे माणसांची मेजवानी आटोपल्यावर ती भांडी कोण घासतं? पंचवीस तारखेला सकाळी राजघराणं पायजम्यात भेटवस्तू उघडत असतं, तेव्हा तो चहा कोण करून आणतं, आणि त्याच्या घरी नाताळ किती वाजता सुरू होतो? मी एकदा हा प्रश्न मोठ्याने विचारला. मेहुणी म्हणाली, “भावोजी, तुम्ही जरा गप्प बसा ना, आता तो दाढी करणार आहे.”

आता खरी गोष्ट ऐका. ही सोफ्यावर कुणी ऐकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आल्डोव्हियाचा म्हणून जो राजवाडा दाखवतात, तो खरा आहे. रुमानियात कार्पेथियन डोंगरात सिनाया म्हणून गाव आहे, तिथला हा पेलेश राजवाडा. राजा पहिला कॅरोल याने तो बांधला, आणि १८८३ साली त्याची वास्तुशांत झाली. (त्यांच्यात वास्तुशांत म्हणत नसतील, पण तुम्हाला समजलं.) २०११ सालचा ‘अ प्रिन्सेस फॉर ख्रिसमस’ही तिथलाच. त्यात एकेकाळचा जेम्स बाँड रॉजर मूर म्हातारा सरदार झाला होता. म्हणजे पेलेश हे या धंद्यातलं मंगल कार्यालयच म्हणा ना.

तर या मंगल कार्यालयात १८९३ साली एक खरा राजपुत्र जन्मला. त्याचंही नाव कॅरोल. युवराज झाला, पहिलं महायुद्ध सुरू होतं, आणि १९१८ साली तो आपली पलटण सोडून झिझी लाम्ब्रिनो नावाच्या मुलीबरोबर ओडेसाला पळाला आणि तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. मुलगी भिकारी नव्हती, सेनापतीची लेक होती. पण राजघराण्यातली नव्हती, म्हणजे ‘सामान्य’च. मग काय झालं? राजमाता विरघळली? छे! युवराजाला मठात कोंडून ठेवलं आणि १९१९ साली कोर्टाकडून लग्न रद्दबातल करून घेतलं. लग्न रद्द झालं तरी १९२० साली मूल झालं. त्याला नाव होतं, पण गादी नव्हती. झिझीची रवानगी फ्रान्सला झाली, आणि युवराजाला ग्रीसच्या राजकन्येशी बोहल्यावर उभं केलं. पुढे झिझी पॅरिसला गेली ती १९५३ साली, आणि कॅरोलही त्याच वर्षी, पुढच्याच महिन्यात, पोर्तुगालमध्ये. असा शेवट कुणी चित्रपटात घातला तर जुळवून आणलाय म्हणाल.

पण मधे बरंच घडलं. ग्रीसची राजकन्या घरात, मुलगा पाळण्यात, आणि आमचा युवराज आता एलेना लुपेस्कू नावाच्या घटस्फोटित, यहुदी वंशाच्या बाईच्या नादी लागला. १९२५ च्या डिसेंबरात, अगदी नाताळाच्या दिवसांत, त्याने परदेशातून घरी कळवलं, की मला गादी नको. त्याचा बाप राजा फर्डिनंड याने दरबारी मंडळींना बोलावलं ते कुठे? त्याच सिनायाला! एकतीस डिसेंबर १९२५ ला, म्हणजे चित्रपटात ज्या रात्री गुडघा टेकतात त्याच तारखेला, युवराजाचं नाव वारसांच्या यादीतून काढून टाकायचं ठरलं. बाहेर बर्फ असणारच. तो तिथे खरा पडतो. चित्रपटवाले मात्र पुष्कळदा कॅनडात, ऐन उन्हाळ्यात खोटा बर्फ पसरतात, आणि नट-नट्या लोकरी कोटांत घामाने निथळत ‘किती गं थंडी’ म्हणतात.

इथे गोष्ट संपली असती तर मीही रुमाल काढला असता. प्रेमासाठी गादी सोडली, वा! पण १९३० साली तो परत आला, आठ वर्षांच्या पोटच्या पोराला बाजूला करून स्वतः राजा झाला, बाईंनाही आणवलं, १९३८ साली राज्यघटना गुंडाळून हुकूमशहा झाला, आणि १९४० साली बाईंना घेऊन गाडीने पळाला तेव्हा त्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९४७ साली ब्राझीलमध्ये दोघांनी एकदाचं लग्न केलं. बाईंना लोकांनी ज्या शिव्या दिल्या, त्यांतल्या अर्ध्या त्या राजाची ठेवलेली होत्या म्हणून, आणि अर्ध्या त्या यहुदी होत्या म्हणून.

आणि ते पोर? मायकल त्याचं नाव. बाप पळाल्यावर ते पुन्हा राजा झालं आणि १९४७ च्या तीस डिसेंबरला कम्युनिस्टांनी त्याच्याकडून राजीनामा लिहून घेतला. (रुमानियाच्या राजघराण्याला डिसेंबर काही लाभत नाही बघा.) मग खऱ्याखुऱ्या राजाने इंग्लंडात कोंबड्या पाळल्या, स्वित्झर्लंडमध्ये विमानं तपासायची नोकरी केली. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर, १९९० सालच्या नाताळाला, एकोणसत्तर वर्षांचा हा म्हातारा मायदेशी उतरला. पूर्वजांच्या समाध्यांवर नाताळाची प्रार्थना करायची, एवढंच मागणं. वाटेत पोलिसांनी गाड्या अडवल्या, माघारी फिरवल्या, आणि त्याला विमानात बसवून देशाबाहेर काढलं. तो वारला पाच डिसेंबर २०१७ ला. ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. साऱ्या जगाच्या सोफ्यांवर त्याच्या घराण्याच्या वाड्यात एका नटाचा राज्याभिषेक चालला होता, आणि खरा राजा स्वित्झर्लंडमध्ये डोळे मिटत होता. त्या त्रेपन्न जणांपैकी कितींना हे ठाऊक होतं, मला माहीत नाही. मेहुणीला मी सांगितलं. ती म्हणाली, “अय्या, म्हणजे तो वाडा बघायला जाता येतं?” येतं. आता तिथे वस्तुसंग्रहालय आहे, तिकीट काढावं लागतं.

नाताळातली खरी प्रेमकथा हवी ना? १९३६ ची घ्या. इंग्लंडच्या आठव्या एडवर्डने दोन वेळा संसार मोडलेल्या अमेरिकन वॉलिस सिम्प्सनसाठी दहा डिसेंबरला राज्य सोडलं, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या वर्षीचा नाताळ त्या दोघांनी कसा काढला? तो ऑस्ट्रियात एका ओळखीच्या सरदाराच्या वाड्यात, आणि ती फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. तिचा दुसरा घटस्फोट अजून कायम व्हायचा होता, त्याआधी दोघं एकत्र दिसली तर खटलाच निकालात निघण्याची भीती. अर्ध्या जगावरचं राज्य तिच्यासाठी सोडलं, आणि नाताळाच्या दिवशी तिच्याशी बोलायला टेलिफोन! दोघांची भेट झाली पुढच्या मे महिन्यात. जूनमध्ये लग्न लागलं तेव्हा त्याच्या घरचं एक माणूस हजर नव्हतं. पुढे ही जोडी हिटलरला भेटून आली, तेव्हा प्रेमाने माणूस शहाणा होतो असं मी म्हणत नाही. पण किंमत मोजली होती, हे तरी खरं.

आपल्याकडेही पाहा. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांना १९२६ साली गादी सोडावी लागली, ती मलबार हिलवरच्या बावला खून प्रकरणाच्या बोभाट्यामुळे. दोन वर्षांनी त्यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केलं, तर तिला आधी नाशिकला हिंदू धर्म घ्यावा लागला आणि नाव बदलून शर्मिष्ठादेवी व्हावं लागलं. गादी आधीच गेलेल्या राजाशी लग्न करायलासुद्धा एवढी यातायात. त्या आल्डोव्हियावालीला निदान चर्च बदलायला लावायचं होतं!

हे सगळं मी एकदा सविस्तर मांडलं. आमची ही शांतपणे शेंगा सोलत होती. म्हणाली, “झालं तुमचं? आता मला सांगा, डेन्मार्कचा राजा बायकोला पहिल्यांदा कुठे भेटला?”

ही बाई वर्तमानपत्राची पुरवणी नीट वाचते, हे मी नेहमी विसरतो. तो भेटला सिडनीच्या एका पबमध्ये, २००० सालच्या ऑलिंपिकच्या वेळी. २००४ साली लग्न झालं, आणि १४ जानेवारी २०२४ पासून ती ऑस्ट्रेलियन मुलगी डेन्मार्कची राणी आहे. स्वीडनच्या युवराज्ञीने २०१० साली आपल्या व्यायामशाळेतल्या शिक्षकाशी लग्न केलं. “मग? तुम्हाला काय, सगळ्यांना गोळ्याच घालायला हव्यात?” हिने विचारलं.

मुळीच नको. दोघांचं भलं होवो. पण ही लग्नं अशी सुखासुखी का लागतात, तर त्या मुकुटात आता फित कापण्यापलीकडे फारशी ताकद उरलेली नाही म्हणून. गादीची किंमत उतरली, तशी प्रेमाचीही उतरली. आणि तरीही जिथे ती उतरलेली नाही, तिथे काय होतं? जपानची राजकन्या माको हिने २०२१ साली आपल्या कॉलेजातल्या सामान्य मित्राशी लग्न केलं. तिथल्या कायद्याप्रमाणे तिचं राजघराण्यातलं स्थान गेलं. सरकारकडून अशा वेळी मिळणारी घसघशीत रक्कम तिने नाकारली, समारंभ नाही, मेजवानी नाही, वर्तमानपत्रांनी वर्षानुवर्षं सोललं ते वेगळंच, आणि नवऱ्याबरोबर ती गेली न्यूयॉर्कला. चित्रपटात न्यूयॉर्कची मुलगी राजवाड्यात जाते. खऱ्या जगात राजकन्या राजवाडा सोडून न्यूयॉर्कला जाते. यावर चित्रपट काढा म्हणावं. रुमाल मी आणतो.

नाहीतर नॉर्वेचा काढा. युवराज हाराल्ड आणि तयार कपड्यांच्या दुकानदाराची मुलगी सोन्या यांची गाठ १९५९ साली पडली. राजा तयार नाही, कारण राजकन्याच सून हवी. नऊ वर्षं गेली. मुलाने बापाला सांगितलं, हीच, नाहीतर मी बिनलग्नाचा राहीन. आणि हा एकुलता एक मुलगा! शेवटी राजाने सरकारचा, संसदेतल्या मंडळींचा सल्ला घेतला आणि १९६८ साली परवानगी दिली. नऊ वर्षं म्हणजे नऊ नाताळ. प्रत्येक नाताळाला ती दुकानाच्या वरकमाईच्या दिवसांतली धावपळ बघत असेल, आणि तो राजवाड्यात कुठल्यातरी देशाच्या लग्नाळू राजकन्येशेजारी जेवायला बसत असेल. मला तो चित्रपट पाहायचाय. नऊ जेवणं. घोडा नको, लांडगाही नको.

“हं,” ही म्हणाली. आमच्या घरात हे बरंच झालं.

आता एवढं तावातावाने का लिहितोय, तेही सांगून टाकतो. मेहुणीची मुलगी आमच्याकडे वरचेवर असते. मुलगी हुशार, बँकेत चांगल्या हुद्द्यावर. गेल्या डिसेंबरात, त्याच सोफ्यावर, एक राजपुत्र एका केकवालीच्या पिठाने माखलेल्या हाताचं चुंबन घेत असताना तिने आईला सांगितलं, की तिच्या ऑफिसातल्या एका मुलाशी तिचं जमलंय. मुलगा तिच्याच हुद्द्याचा, तिच्याएवढ्याच पगाराचा. वडील रिक्षा चालवतात. आई दोन घरची पोळ्यांची कामं करायची, आता मुलाने बंद करायला लावली.

पडद्यावर घंटा वाजत होत्या. मेहुणीने रुमाल खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, “त्यांच्याकडे डायनिंग टेबल तरी आहे का?”

मी तुम्हाला खरं सांगतो, पेलेशच्या राजमातेने नाक मुरडलं नसेल एवढं आमच्या मेहुणीने मुरडलं. लोक काय म्हणतील, मुलीला सवय आहे का, त्यांच्या भाषेचा बाज वेगळा, पाहुणे घरी आले तर बसवायचे कुठे. खाणावळवाल्याची पोर राणी झाली म्हणून जिने तीन वर्षं डोळे पुसले, तिला रिक्षावाल्याचा पोर जावई म्हणून चालेना! कारण सोफ्यावर बसून आपण नेहमी त्या मुलीच्या जागी असतो ना. आपल्याला वर जायचं असतं. आपल्या उंबऱ्यातही कुणी खालून वर येऊ पाहतंय, आणि त्या दारात पहारेकरी आपण आहोत, हे कुठल्याही आल्डोव्हियाच्या राजाने आपल्याला दाखवलेलं नसतं. मला राग आहे तो याचा.

भाची रडली नाही, पळूनही गेली नाही. ती फक्त म्हणाली, “काका, तुम्ही त्यांच्याकडे एकदा येता का माझ्याबरोबर?” गेलो. कळव्याला दोन खोल्यांचं घर. डायनिंग टेबल नव्हतं, हे मेहुणीचं बरोबर होतं. खाली बसून जेवलो. मुलाचे वडील स्वतः वाढत होते आणि मधेच म्हणाले, “साहेब, मुलगी मोठ्या घरची आहे, आम्हाला जरा भीतीच वाटते.” मोठ्या घरची! मेहुणीच्या घराचं क्षेत्रफळ पाचशे चाळीस चौरस फूट आहे, कर्ज अजून सात वर्षं फेडायचंय. आम्ही कुणाचे राजे झालो, ते आम्हाला त्या पाटावर बसल्यावर कळलं. भाकरी उत्तम होती. तिसरी मागून घेतली.

घरी येऊन मी हे सगळं हिला आणि मेहुणीला सांगितलं, रुमानियापासून कळव्यापर्यंत. यंदा दोन्ही घरच्यांची एक बैठक झाली. नोंदणी कार्यालयात नोटीस दिलेली आहे, तारीख डिसेंबरअखेरची मिळतेय. मेहुणीने अजून तोंडाने ‘हो’ म्हटलेलं नाही. परवा ती एवढंच म्हणाली, की डिसेंबरअखेर सगळ्यांना सुट्ट्या असतात, माणसं गावाला जातात, आणि केटरर दुप्पट पैसे सांगतो. तेव्हा भावोजी, तुमच्या ओळखीने जानेवारीची तारीख मिळते का बघा.